घरगुती रेकॉर्डिंग: कम्प्युटर कुठला घ्यावा, आणि फेडरचं यंत्र खरंच लागतं का?

काळीचार
शुक्रवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

मी गाते, नवरा तबला वाजवतो. कर्वेनगरात राहतो, मागची खोली गाण्यासाठी राखून ठेवली आहे. अभंग, भावगीतं, थोडं उपशास्त्रीय असं घरीच रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकतो. सामान असं: दोन इनपुटचा इंटरफेस (माईकचा आवाज कम्प्युटरमध्ये नेणारा डबा), एक कंडेन्सर माईक, एक डायनॅमिक, रीपर (रेकॉर्डिंग-मिक्सिंगचं सॉफ्टवेअर) आणि २०१८ सालचा लॅपटॉप (आठव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क).

लॅपटॉप आता दमलाय. दहा-बारा ट्रॅक झाले, त्यावर दोन रिव्हर्ब (घुमाऱ्याचे इफेक्ट) लावले की आवाजात कटकट सुरू. दुसरं म्हणजे माउसने मिक्सिंग करण्याचा वीट आलाय. एका ओळीत चार ठिकाणी आवाज वर-खाली करायचा तर रेघेवर ठिपके टाकत बसायचं, आणि त्या नादात गाणं ऐकायचंच राहून जातं. आपोआप सरकणाऱ्या आठ फेडरची (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या खुंट्या) यंत्रं व्हिडिओत पाहून मन चळलं आहे.

बजेट सगळं मिळून सव्वा लाख. मॅक मिनी घ्यावा, पीसी जोडून घ्यावा की नवा लॅपटॉप? कंट्रोल सरफेस (म्हणजे हेच फेडरचं यंत्र) आठ फेडरचाच हवा की छोट्यावर भागेल? की या पैशात भलतंच काही आधी घ्यायला हवं? एका वेळी जास्तीत जास्त आवाज, तबला-डग्गा आणि हार्मोनियम एवढंच असतं आमचं.

सदाशिवपेठी
शुक्रवार, रात्री १०:३१

मन चळलं आहे असं स्वतःच लिहिलंत, त्यामुळे माझं काम सोपं झालं. आठ फेडर नाचताना फार छान दिसतात, प्रश्नच नाही. तुमच्या मिक्समध्ये गाणं, तबला, डग्गा, पेटी आणि तानपुरा. तानपुऱ्याचा फेडर एकदा लावला की भैरवीपर्यंत तिथेच. उरले चार. हात दोन, त्यातला एक चहाच्या कपावर.

तपकीरगल्ली
शुक्रवार, रात्री १०:५०

ताई, नवीन घेण्याआधी जुन्याचा आजार कळू द्या, नाहीतर तोच नव्यातही निघायचा. विंडोजसाठी ‘लेटन्सीमॉन’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. बाकी सगळं बंद करून ते दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा. कुठला ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून धरतोय ते नावानिशी दाखवतं. कटकट दरवेळी प्रोसेसर कमी पडल्यामुळेच होते असं नाही. वाय-फायचा, ग्राफिक्सचा नाहीतर बॅटरीचा ड्रायव्हर मध्येच थोडा वेळ खातो आणि तेवढ्यात ऑडिओचा बफर (आवाजाचा तात्पुरता साठा) रिकामा होतो.

बफर किती ठेवता? आणि ड्रायव्हर इंटरफेसच्या कंपनीचा आहे की एएसआयओ-फॉर-ऑल हा सर्वसाधारण?

काळीचार
शुक्रवार, रात्री ११:०५

ड्रायव्हर कंपनीचाच. बफर १२८. त्याहून वाढवला की हेडफोनमध्ये माझाच आवाज मला उशिरा ऐकू येतो. लेटन्सीमॉन उद्या चालवून बघते.

अनाहत
शनिवार, सकाळी ७:४०

स्टुडिओत मिक्सिंगचंच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद. आवाज आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा, म्हणून दुप्पट, वर कन्व्हर्टरचा आणि ड्रायव्हरचा थोडा वेळ. आता हे बघा: हवेतून आवाजाला एक मीटर जायला जवळपास ३ मिलिसेकंद लागतात. यजमान दोन मीटरवर तबला घेऊन बसले तर त्यांची सम तुमच्या कानात ६ मिलिसेकंद उशिराच पोचते, आणि त्याबद्दल आजवर कुणी तक्रार केलेली नाही. स्वतःच्या आवाजाचं मात्र तसं नसतं. तो हाडांतून तत्क्षणी ऐकू येतो आणि हेडफोनमधून उशिरा आला की पोकळ वाटायला लागतो.

उपाय म्हणजे डायरेक्ट मॉनिटरिंग. तुमच्या इंटरफेसवर त्याचं बटण किंवा नॉब असेल. तो चालू करा, रीपरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करा. आवाज माईकमधून थेट हेडफोनमध्ये, कम्प्युटरला मध्ये न घेता. मग बफर ५१२ ठेवा नाहीतर १०२४, काही बिघडत नाही, आणि लॅपटॉपवरचा भार लगेच उतरतो.

रिव्हर्बशिवाय गाता येत नाही अशी गायकांची तक्रार असते, आणि ती खरी आहे. त्यासाठी मूळ आवाज थेट घ्यायचा आणि रीपरमधून फक्त रिव्हर्बचा ओला भाग (नुसता घुमारा) हेडफोनमध्ये सोडायचा. रिव्हर्ब दहा-पंधरा मिलिसेकंद उशिरा आला तर उलट बरा वाटतो, शब्द मोकळे राहतात.

धायरीफाटा
शनिवार, सकाळी ९:१५

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे)! ओल्या रिव्हर्बची युक्ती आमच्या कोर्समध्ये कुणी सांगितली नव्हती.

काळीचार
शनिवार, दुपारी १:२०

अनाहत, मनापासून आभार. नॉब होता, मी तो पूर्ण एका बाजूला फिरवून ठेवला होता आणि कधी हलवलाच नव्हता 🙈

तपकीरगल्ली, लेटन्सीमॉनने लाल अक्षरांत ‘एनडीआयएस.सिस’ दाखवलं. हे काय प्रकरण?

तपकीरगल्ली
शनिवार, दुपारी १:४१

नेटवर्कचं प्रकरण. तुमचं वाय-फाय कार्ड. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ते डिसेबल करा आणि पुन्हा चालवून बघा. लाल गेलं तर निम्मी कटकट गेली.

उरलेली हार्ड डिस्क आणि ८ जीबीची. याच लॅपटॉपमध्ये एसएसडी आणि १६ जीबी टाकले तरी तो आणखी काही वर्षं ओढेल. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण आठव्या पिढीचा इंटेल विंडोज ११ च्या यादीत बसतो, त्यामुळे तिकडूनही अडचण नाही. सध्या रॅमचे भाव चढे आहेत, म्हणून आधी एसएसडी.

खटपट्या
शनिवार, दुपारी २:१०

कंट्रोल सरफेसला हात घालण्याआधी एक फुकटातली गोष्ट करून बघा. रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये कंट्रोल, ओएससी, वेब असं एक पान आहे. तिथे ‘वेब ब्राउझर इंटरफेस’ जोडा. एक पत्ता मिळतो, तो फोनच्या ब्राउझरमध्ये उघडायचा. रेकॉर्ड, प्ले, स्टॉप, सगळ्या ट्रॅकचे आवाज फोनवर. वेगळं ॲप लागत नाही.

एकट्याने रेकॉर्ड करणाऱ्याला याच्यासारखं सुख नाही. लॅपटॉप खोलीच्या एका टोकाला, तुम्ही माईकसमोर, फोन स्टँडवर. चुकलं की तिथूनच थांबवा आणि पुन्हा सुरू करा.

सदाशिवपेठी
शनिवार, दुपारी २:१८

वा. वरचे गृहस्थ म्हणतात वाय-फाय बंद करा, खालचे गृहस्थ म्हणतात वाय-फायवर चालवा. आपापसात ठरवून मग सांगा.

खटपट्या
शनिवार, दुपारी २:३०

😂 पकडलंत. लॅपटॉपपासून राउटरपर्यंत लॅनची वायर टाका. लॅपटॉपचं वाय-फाय कार्ड बंद, फोन राउटरच्या वाय-फायवर. दोघं एकाच जाळ्यात असले की झालं, लॅपटॉप कुठल्या वाटेने आलाय याच्याशी फोनला कर्तव्य नाही. वायर लावल्यावर लेटन्सीमॉन परत एकदा चालवा मात्र.

मॅकमावशी
शनिवार, संध्याकाळी ६:०२

मी ऑडिओबुकं वाचते, घरूनच. वर एवढी सगळी खटपट वाचून एवढंच म्हणेन की मॅकवर यातलं काहीही करावं लागत नाही. कोअर ऑडिओ, म्हणजे आवाजाची यंत्रणा, सिस्टिममध्येच असतो, बहुतेक इंटरफेस जोडले की चालू. मॅक मिनी एम-४ २०२४ मध्ये भारतात ५९,९०० ला आला आणि सगळ्यात स्वस्त मॉडेललाही १६ जीबी रॅम आहे.

पण माझ्याकडे मिनी नाही, मॅकबुक एअर आहे, आणि तो घेण्याचं कारण एकच: त्याला पंखाच नाही. माईकपासून हातभर अंतरावर ठेवते तरी रेकॉर्डिंगमध्ये काही येत नाही. आधीच्या लॅपटॉपचा पंखा तिसऱ्या परिच्छेदाला सुरू व्हायचा आणि मग तो थंड होईपर्यंत मी पंखा बघत बसायची. तानपुऱ्याच्या मागे कदाचित लपेलही तो. निवेदनात नाही लपत.

तपकीरगल्ली
शनिवार, संध्याकाळी ६:४०

मावशी, मान्य. पण मिनीची दुसरी बाजूही सांगा. रॅम नंतर वाढवता येत नाही. २५६ जीबीची डिस्क. यूएसबीचं जुनं चौकोनी पोर्ट एकही नाही, सगळे सी. मॉनिटर, कीबोर्ड, माउस वेगळे.

त्याच पैशात पीसी जोडायचा तर मी असं करेन: सहा किंवा आठ कोअरचा चालू पिढीतला प्रोसेसर, १६ जीबी रॅम, एक टीबी एनव्हीएमई एसएसडी, आणि ग्राफिक्स कार्ड अजिबात नको. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स पुरतं. कार्ड घातलं की उष्णता आली, आणखी एक पंखा आला, आणि लेटन्सीमॉनमध्ये लाल दिसणारा आणखी एक ड्रायव्हर आला. दुकानदार गेमिंगचा पीसी गळ्यात मारायला बघतो, त्याला स्वच्छ सांगायचं की यावर गेम खेळणार नाही. वाचलेले पैसे मोठ्या, सावकाश फिरणाऱ्या पंख्याच्या कूलरवर घाला.

प्रोसेसर निवडताना कोअर किती हे सगळेच बघतात. पण एका ट्रॅकवर एकापुढे एक लावलेली प्लगिनं (रिव्हर्बसारखे इफेक्ट) बहुतेक एकाच कोअरवर चालतात, म्हणून एकेका कोअरचा वेगही तितकाच बघायचा.

मॅकमावशी
शनिवार, संध्याकाळी ७:०५

डिस्कचं म्हणाल तर यांना २५६ पुरेल. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक तासाला अर्धा जीबी. चार ट्रॅक तासभर चालवले तर दोन जीबी. ऑर्केस्ट्राच्या सॅम्पल लायब्ऱ्या भरायला लागलात तर जागा संपेल, आणि त्यासाठी बाहेरची एसएसडी लावता येते.

एकच गोष्ट लक्षात ठेवा. मॅक घेतला की लोक लॉजिककडे (ॲपलचं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर) वळतात, मीही वळले. लॉजिक चांगलंच आहे, पण ते फक्त मॅकवर चालतं. पूर्वी विंडोजवरही चालायचं. २००२ मध्ये ॲपलने इमॅजिक ही मूळ कंपनी घेतली आणि विंडोजची आवृत्ती बंद झाली. रीपर विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. तुमची जुनी गाणी रीपरमध्ये आहेत, तर तिथेच राहा. लायसन्स साठ डॉलरचं, ते घेतलं नसेल तर आधी घ्या.

काळीचार
शनिवार, रात्री ९:३०

लायसन्स घेतलेलं आहे हो.

वायर टाकली, वाय-फाय बंद केलं, बफर ५१२ केला. लाल गेलं. रेकॉर्ड करताना आता एकही कट नाही. मिक्सिंगला रिव्हर्ब, कंप्रेसर (लहान-मोठा आवाज सारखा करणारा इफेक्ट) सगळं लावलं की मात्र लॅपटॉप अजून धापा टाकतो, आणि पंखा असा ओरडतो की मावशींचं दुःख पुरतं कळलं. कंडेन्सरवर तो स्पष्ट येतो, आलाप संपला की उघडा पडतो. त्यामुळे कम्प्युटर घ्यायचाच आहे, मनाची तयारी झाली.

एक शंका. दर गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीच्या नावाखाली केव्हाही वीज जाते. लॅपटॉपला बॅटरी तरी आहे. मिनी किंवा पीसी घेतला तर?

तपकीरगल्ली
शनिवार, रात्री ९:५२

यूपीएस. एम-४ मिनी पूर्ण ताणला तरी ६५ वॉटच्या आसपास खातो, त्यामुळे लहान यूपीएसवर फाइल सेव्ह करून आरामात बंद करता येतो. वीज गेली की यूपीएस चिवचिव करतो आणि तेही माईकवर येतं. पण वीज गेल्यावर टेक तसाही वायाच जातो.

घरच्या इन्व्हर्टरवर मात्र रेकॉर्डिंग करू नका. चौकोनी लहरीचा असेल तर हेडफोनमध्ये गूं ऐकू येईल. आणि मागच्या खोलीतल्या सॉकेटला अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या इमारतीत तिसरं भोक नुसतंच शोभेचं असतं.

अनाहत
रविवार, सकाळी ८:१०

कम्प्युटरवर सगळे छान बोललेत, मी एका वेगळ्या ठिकाणी बोट ठेवतो. ताई, तुमच्याकडे दोन इनपुट आहेत. गाणं, तबला, डग्गा, हार्मोनियम एकदम घ्यायचं तर चार माईक लागतात. आता कसं करता?

काळीचार
रविवार, सकाळी ८:४५

आधी तबला आणि पेटी, मग त्यावर मी गाते. तबल्याला एकच माईक, मध्ये.

अनाहत
रविवार, सकाळी ९:२०

म्हणजे तबलजी तुमचं गाणं न ऐकता वाजवतात आणि तुम्ही त्यांच्या लयीवर गाता. अभंगाला चालून जाईल. उपशास्त्रीयाला नाही चालत. तिथे बोलबनावाच्या (शब्द फुलवून गाण्याच्या) वेळी तबल्याने तुमच्याकडे बघून लय सोडायची असते आणि लग्गी (तबल्याचा जलद ठेका) कधी धरायची ते तुमच्या मुखड्यावरून ठरतं. सव्वा लाखातला पहिला हिस्सा चार माईकच्या इंटरफेसला द्या, हे माझं स्पष्ट मत.

घेताना फसू नका. नावात किंवा खोक्यावर ४ आहे म्हणजे चार माईक लागतील असं नाही. फोकसराइट स्कारलेट ४आय४ ला माईकचे प्रीॲम्प (माईकचा क्षीण आवाज वाढवणारे भाग) दोनच आहेत, बाकीचे दोन लाइन इनपुट. तिथे कीबोर्ड लागेल, माईक नाही. ऑडियंटच्या ईव्हीओ ८ ला चार माईक प्रीॲम्प आहेत. दुकानात विचारायचं ते ‘इनपुट किती’ नव्हे, ‘माईक प्रीॲम्प किती आणि ४८ व्होल्ट (कंडेन्सर माईकला लागणारी वीज) किती जणांवर’. जुना फायरवायरचा इंटरफेस स्वस्तात मिळतोय म्हणून कुणी देऊ केला तर हात जोडा, नव्या कम्प्युटरला तो जोडतानाच दमाल.

आता फेडर. सदाशिवपेठींचा हिशेब बरोबर आहे, पण त्यावरून यंत्रच नको असं ठरत नाही. माझ्या मते एक फेडर हवा, तो चांगला हवा आणि मोटरवाला हवा.

कशासाठी ते सांगतो. अभंगाची ओळ घ्या. सुरुवातीला आवाज भरलेला. ‘विठ्ठला’पर्यंत येताना श्वास संपत आलेला असतो आणि शेवटचा ‘ला’ तबल्याखाली जातो. कंप्रेसर लावून तो उचलता येतो, पण कंप्रेसर ‘ला’बरोबर श्वास उचलतो, खोलीचा घुमारा उचलतो, खाली गेटात थांबलेली रिक्षाही उचलतो. बोट फेडरवर असेल तर ‘ठ्ठ’ सुटताना दीड-दोन डीबी (डेसिबल) वर सरकवायचं, आणि धृपद परत येतं तिथे आवाज आपणहून मोठा होतो, त्याच्या किंचित आधी खाली यायचं. हे डोळे मिटून होतं. एक ओळ दोन-तीनदा केली की हाताला पाठ होते. माउसने याच कामाला तुम्ही ठिपके टाकत बसता आणि आवाजाच्या ऐवजी रेघ बघून निर्णय घेता.

मोटर कशाला? तुम्ही एक ओळ केली, परत मागे गेलात, यंत्रावरचा फेडर जिथल्या तिथे पडून आहे आणि रीपरमधला दुसरीकडे. हात लावला की आवाज उडी मारतो. मोटरवाला फेडर आपणहून रीपरच्या जागी जाऊन उभा राहतो आणि बोट लागलेलं त्याला कळतं. ऑटोमेशनचा (फेडरची हालचाल नोंदवून ठेवण्याचा) ‘टच’ मोड त्यावरच चालतो: बोट आहे तोवर तुमचं लिहितो, बोट उचललं की आधीच्या रेघेवर परत. ‘लॅच’ बोट उचलल्यावरही तिथेच राहतो. ‘राइट’ला हात लावू नका, प्ले दाबल्या क्षणापासून जुनं सगळं पुसत जातो.

धायरीफाटा
रविवार, सकाळी १०:३०

माझ्याकडे कॉर्गचा नॅनोकंट्रोल २ आहे. आठ फेडर, आठ नॉब, प्ले-रेकॉर्डची बटणं, यूएसबीवरच चालतो, लॅपटॉपच्या बॅगेत मावतो. मोटर नाही. उडीचा त्रास सॉफ्टवेअरमध्ये ‘पिकअप’ किंवा ‘सॉफ्ट टेकओव्हर’ लावून कमी होतो, म्हणजे फेडर आधीच्या जागेवरून जाईपर्यंत काहीच होत नाही. मी बीट्स बनवतो, मला फिल्टर फिरवायला आणि ट्रान्सपोर्टला मस्त पुरतो. पण आवाजाची राइड (गाताना फेडरने वर-खाली) करायला फेडर फारच आखूड पडतात, एवढ्याशा सरकण्यात डीबी केवढातरी बदलतो.

अनाहत
रविवार, सकाळी ११:०५

बरोबर, आणि लांबीइतकंच कारण आतही आहे. साधा मिडी (वाद्यं आणि यंत्रं ज्या भाषेत कम्प्युटरशी बोलतात ती) कंट्रोल संदेश ० ते १२७, म्हणजे एकूण १२८ पायऱ्या. मॅकी कंट्रोल या कंट्रोल सरफेसच्या पद्धतीत फेडरची जागा पिचबेंडच्या संदेशातून जाते, तो १४ बिटचा, त्यामुळे पायऱ्या कितीतरी बारीक. हळू फेड करताना फरक ऐकू येतो.

रीपरमध्ये मॅकी कंट्रोल आधीपासूनच आहे; लॉजिक, क्यूबेस, लाइव्ह या सॉफ्टवेअरनाही चालतो. प्रो टूल्सला मात्र एचयूआय ही दुसरी पद्धत लागते. एका फेडरचे दोन पर्याय मला माहीत आहेत: प्रीसोनस फेडरपोर्ट आणि बेहरिंजर एक्स-टच वन. दोन्हींचा फेडर १०० मिलिमीटरचा, मोटरवाला, स्पर्श ओळखणारा. निवडलेल्या ट्रॅकचा फेडर हातात येतो, ट्रॅक बदलला की फेडर स्वतः नव्या जागी जातो.

काळीचार
रविवार, सकाळी ११:२०

आणि आठवाला एक्स-टच? मोह अजून पुरता गेलेला नाही, खरं सांगते.

अनाहत
रविवार, सकाळी ११:५०

चांगलं यंत्र आहे. आठ आणि एक मास्टर असे नऊ फेडर, प्रत्येक ट्रॅकच्या नावाची पट्टी. दहा माणसांच्या वाद्यवृंदाचं मिक्सिंग रोज करत असाल तर घ्या. पण ते टेबलाची ऐसपैस जागा खातं, आणि तुमच्या खोलीत ते टेबल माईकपासून फार लांब नसणार. ऑटोमेशन चालू असताना नऊ मोटरी सर्रसर्र करतात. रेकॉर्डिंगच्या वेळी ते बंद ठेवावं लागतं.

जुनं विकत घेणार असाल तर प्रत्येक फेडर तळापासून टोकापर्यंत सॉफ्टवेअरमधून सरकवून बघा. मध्ये अडखळला किंवा टोकाला थरथरला तर सोडून द्या. काम संपलं की वर कापड टाकायचं. आपल्याकडे बांधकामाची धूळ कमी नाही. अडकलेल्या फेडरमध्ये कुठलंही तेल मारू नका, आतला पट्टा जातो.

सदाशिवपेठी
रविवार, दुपारी १२:३०

आता जरा काडी टाकतो. या सगळ्यात खोलीचं कुणी बोललं नाही. उघड्या भिंतीच्या खोलीत चार माईक लावले तर चारही माईक ती खोलीच रेकॉर्ड करणार. कपाट, गाद्या, गोधड्या, काय असेल ते गायिकेच्या मागे आणि समोर उभं करा. खर्च शून्य, त्यामुळे या धाग्यावर त्याला भाव नाही.

आणि कर्वेनगरात नदी जवळ आहे. गणपतीच्या आधी महिना-दीड महिना संध्याकाळी ढोलपथकांचा सराव चालतो, त्याला कुठलाही सरफेस पुरा पडणार नाही. सकाळी गा.

खटपट्या
रविवार, दुपारी १२:४१

रच्याकने, सदाशिवपेठींनी पहिल्यांदाच उपयोगाचं लिहिलं, तारीख नोंदवून ठेवा.

मॅकमावशी
रविवार, दुपारी १:००

गोधडीला अनुमोदन. मी कपाटाचं दार उघडून कपड्यांकडे तोंड करून वाचते.

काळीचार
बुधवार, रात्री ९:४५

उशिरा लिहिते आहे, कारण आधी हात लावून बघायचं होतं. ओळखीतल्या एकांकडे एका फेडरचं यंत्र होतं, त्यांच्याकडे जाऊन माझाच एक अभंग लावला. पहिल्या कडव्याला हात अवघडला. फेडर आपणहून सरकायला लागला की दचकून बोट उचललं जायचं. दुसऱ्या कडव्यानंतर स्क्रीनकडे बघायचं सुटलं. अनाहत म्हणाले तसा शेवटचा ‘ला’ वर आणला आणि लक्षात आलं की तबल्याची थाप मी उगाच खाली दाबून ठेवली होती, गाणं वर आणायची गरज होती. नवरा खूश.

तर असं ठरवलंय. कम्प्युटर मॅक मिनी. ऑफिसच्या कामाचा मॉनिटर आणि कीबोर्ड घरात आहेत, त्यामुळे तो खर्च नाही. पीसी जोडायचा विचार खूप केला, पण आमच्यात विंडोज सांभाळणारं कुणी नाही आणि दर वेळी तपकीरगल्लींना त्रास देणं बरं नाही. चार प्रीॲम्पचा इंटरफेस. एक मोटरवाला फेडर, दोन्हींपैकी जो आधी मिळेल तो. लहान यूपीएस. आठ फेडर मनातून काढून टाकले (जवळजवळ).

जुन्या लॅपटॉपचं काय करावं? आणि जुना इंटरफेस विकावा का?

तपकीरगल्ली
बुधवार, रात्री १०:०८

त्रास कसला, ताई. लॅपटॉपमध्ये एसएसडी टाका आणि ठेवा, बाहेर कार्यक्रमात रेकॉर्ड करायला कामाला येईल. बॅटरी आहे, दोन इनपुटचा इंटरफेस आहे, म्हणजे फिरता संच तयार. त्यामुळे इंटरफेसही विकू नका.

मिनीला इंटरफेस थेट जोडा, हबमधून नको. इंटरफेससोबत यूएसबी-सी वायर आली आहे का ते दुकानातच खोकं उघडून बघा. मिनी पुढच्या खोलीत ठेवून वायर भिंतीतून आणायचा विचार असेल तर साधी यूएसबी २ ची वायर पाच मीटरपर्यंतच भरवशाची.

अनाहत
बुधवार, रात्री १०:२०

निवड छान आहे. फेडर आला की रीपरच्या कंट्रोलच्या पानावर ‘मॅकी कंट्रोल युनिव्हर्सल’ निवडा, मिडीचं इनपुट आणि आउटपुट दोन्ही त्याच यंत्राचं द्या. फक्त इनपुट दिलं तर फेडरचा आवाजावर परिणाम होईल पण मोटर हलणार नाही, आणि यंत्र बिघडलंय असं वाटेल. यंत्राचा स्वतःचा मोडही मॅकीवर असायला हवा. आणि त्याचा वीजपुरवठा जोडलेला हवा, मोटरला नुसत्या यूएसबीचा करंट पुरत नाही.

काळीचार
बुधवार, रात्री १०:३३

सगळं उतरवून घेतलं. नवऱ्याचा एक प्रश्न: चार इनपुट झाले तर डग्ग्याला डायनॅमिक लावावा की दुसरा कंडेन्सर घ्यावा, आणि किती अंतरावर?

सदाशिवपेठी
बुधवार, रात्री १०:३५

त्याला वेगळा धागा काढा. इथे डग्गा आणलात तर पुढच्या गणपतीपर्यंत संपायचं नाही.